स्वस्थ बसण्याचे मोल

सिमल्याला जाणारा मराठी प्रवासी मॉल रोडवर चार फेऱ्या मारतो, जाखूच्या टेकडीवर जाऊन मारुतीचे दर्शन घेतो आणि वेळ उरलाच तर ऑब्झर्व्हेटरी हिलवरचा ‘व्हाइसरॉयचा बंगला’ पाहून येतो. बंगला कसला, करड्या दगडातला राजवाडाच तो. तिकीट काढले की ठराविक दालने पाहता येतात. जुनी छायाचित्रे, सागवानी जिना, छताचे कोरीवकाम, आणि १९४५ साली लॉर्ड वेव्हेल यांनी भरवलेल्या सिमला परिषदेची हकिकत. मग बागेत फोटो काढून मंडळी खाली उतरतात. पण या वास्तूचा मोठा भाग पाहुण्यांना पाहायला मिळत नाही. तिकडे काय आहे म्हणून चौकशी करावी, तर कळते की तिथे देशभरातले विद्वान बसतात. ‘बसून काय करतात?’ हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. ‘वाचतात, विचार करतात, लिहितात,’ या उत्तराने कोणाचे फारसे समाधान होत नाही. मनात एक शंका राहतेच : सरकारच्या पैशाने, असल्या महालात, नुसता विचार करायला माणसे ठेवायची म्हणजे काय?

ही शंका मुळीच चुकीची नाही. ती नीट विचारली पाहिजे आणि तिचे उत्तरही नीट मिळाले पाहिजे. कारण ज्यांच्या घरात इतिहास, समाजशास्त्र, भाषा किंवा तत्त्वज्ञान शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या प्रत्येक घरात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत रोज विचारला जातो.

आधी त्या वास्तूविषयी. लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय असताना, हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार हा प्रासाद उभा राहिला आणि १८८८ साली डफरिन कुटुंब तिथे राहायला आले. स्वातंत्र्यानंतर त्याचे नाव ‘राष्ट्रपती निवास’ झाले. वर्षातले थोडे दिवस राष्ट्रपतींनी उन्हाळ्यात येऊन राहावे, एवढाच त्याचा उपयोग उरला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले तेव्हा त्यांनी वेगळा विचार केला. स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या या राष्ट्रपतींनी आपले उन्हाळी घर विद्वानांना देऊन टाकले. ६ ऑक्टोबर १९६४ रोजी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’ या संस्थेची नोंदणी झाली आणि २० ऑक्टोबर १९६५ रोजी राधाकृष्णन यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. बंगालच्या समाजजीवनाचे थोर इतिहासकार नीहाररंजन राय हे पहिले संचालक. जिथे व्हाइसरॉयचे नाच आणि मेजवान्या झडत, त्या दालनांत आता ग्रंथालयाची कपाटे उभी आहेत.

इथली रीत अशी. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांतल्या अभ्यासकाने आपल्या संशोधनाचा आराखडा पाठवायचा. निवड झाली की साधारण दोन वर्षांपर्यंतची फेलोशिप मिळते. दरमहा विद्यावेतन, राहायला जागा, बसायला अभ्यासिका आणि हाताशी ग्रंथालय. त्याला शिकवावे लागत नाही, पेपर तपासावे लागत नाहीत, कुठल्या समितीवर बसावे लागत नाही. अट मुख्यतः दोन गोष्टींची : तिथे येऊन राहायचे आणि मुदत संपताना आपल्या कामाचा ग्रंथ तयार करून द्यायचा. गुरुवारी चर्चासत्र असते. एक फेलो आपले काम मांडतो, बाकीचे ऐकतात आणि प्रश्नांची सरबत्ती करतात. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला शिकण्यासाठी मिळते. ही फेलोशिप शिकून झालेल्याला, पुष्कळदा केस पांढरे झालेल्याला, मनात साठलेले कागदावर उतरवण्यासाठी मिळते.

आता कोणी म्हणेल, लिहायला सिमल्याला कशाला जायला हवे? घरी बसून लिहिता येत नाही का? येते की. पण आपल्याकडच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळची व्याख्याने, दुपारी उपस्थितीपत्रके आणि अहवाल, परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, संध्याकाळी घरचे बाजारहाट आणि दुखणीखुपणी. रात्री जेवणे उरकल्यावर जो तास उरतो, त्यात टिपणे काढता येतात, एखादा लेखही होतो. पण तीनशे पानांचा युक्तिवाद डोक्यात धरून ठेवायचा, त्याचे पहिले टोक शेवटच्या टोकाशी जुळते की नाही ते पाहायचे, तर हा तास पुरत नाही. विणकाम खाली ठेवले की पुन्हा घेताना टाके मोजावे लागतात, तसेच हे. रोज टाके मोजण्यातच तो तास संपतो.

अशा निवासी संस्थांची आधुनिक कल्पना अमेरिकेतून आली. तिची सुरुवात दुकानदारांनी केली, ही मोठी गंमत आहे. नेवार्क शहरात लुई बँबर्गर आणि त्यांची बहीण कॅरोलाइन फुल्ड यांचे मोठे वस्तुभांडार होते. १९२९ साली, शेअरबाजार कोसळण्याच्या थोडे आधी, त्यांनी ते विकले आणि आलेल्या पैशातून काही लोकोपयोगी काम करायचे ठरवले. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने त्यांना सल्ला दिला की, विद्वानांना मोकळीक देणारी एक संस्था काढा. त्यातून १९३० साली प्रिन्स्टनची संस्था निघाली आणि १९३३ साली आइनस्टाइन तिथे आले. फ्लेक्सनर यांनी पुढे १९३९ साली एक निबंध लिहिला. ‘निरुपयोगी ज्ञानाचा उपयोग’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय. दुकानदाराच्या पैशाने निरुपयोगी ज्ञानाला घर मिळाले, ते असे.

सामाजिक शास्त्रांसाठी असेच एक केंद्र १९५४ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या टेकडीवर निघाले. वर्षभरासाठी अभ्यासक येतात, लहानशा खोल्यांत बसून काम करतात, दुपारी एकत्र जेवतात. १९५८-५९ साली तिथे टॉमस कून नावाचा विज्ञानाचा इतिहासकार राहायला आला. मूळचा पदार्थविज्ञानाचा माणूस. आजूबाजूला सगळे समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. ही मंडळी आपल्या शास्त्रातले खरे प्रश्न कोणते आणि पद्धत कोणती यावरच एकमेकांशी वाद घालतात, हे पाहून त्याला नवल वाटले. पदार्थविज्ञानात असे मूळ पायावरचे वाद का होत नाहीत, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. त्याचे उत्तर शोधताना त्याला ‘पॅराडाइम’ ही कल्पना सुचली आणि १९६२ साली वैज्ञानिक क्रांतीविषयीचे त्याचे पुस्तक निघाले. आज व्यवस्थापनाच्या वर्गापासून राजकीय भाषणांपर्यंत जो शब्द सर्रास वापरतात, त्यामागे परक्या शास्त्राच्या शेजाऱ्यांबरोबर काढलेले ते वर्ष आहे, असे कूननेच प्रस्तावनेत नमूद केले आहे. आपल्याच विभागात, आपल्याच विषयाच्या माणसांत तो राहिला असता, तर हा प्रश्न त्याला पडला असता का?

याच केंद्रातली दुसरी हकिकत आपल्या अधिक जवळची आहे. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेले समाजशास्त्रज्ञ. १९४८ साली त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून तिथल्या जीवनाची बारीक टिपणे काढली. पुस्तकात त्यांनी त्या गावाला ‘रामपुरा’ म्हटले आहे. मग अध्यापन, विभागांची उभारणी, प्रशासन. टिपणांवर सवडीने संस्कार करता करता अठरा वर्षे गेली. अखेर १९७० साली स्टॅनफर्डच्या केंद्रात निवांत वर्ष मिळाले. टिपणांच्या तिन्ही प्रती घेऊन ते तिथे गेले. ते दिवस अमेरिकेतल्या विद्यार्थी-असंतोषाचे. एप्रिल महिन्यात रात्री कोणीतरी केंद्राला आग लावली आणि श्रीनिवासांच्या खोलीतल्या तिन्ही प्रती जळून गेल्या.

ज्याने आयुष्याची वीस वर्षे एका कामाला दिली, त्याच्यावर काय ओढवले असेल याची कल्पना करा. परक्या देशात, जळक्या कागदांच्या ढिगापुढे! पण तिथेच शेजारी सोल टॅक्स नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुचवले की, जे आठवते आहे तेवढ्यावरच पुस्तक लिही. श्रीनिवास लिहायला बसले. टिपणे नव्हती म्हणून आकडे आणि तक्ते कमी झाले. माणसे मात्र जिवंत होऊन पुढे आली. गावचा कारभारी, त्याचा दरारा, भांडणे, शेते, गुरे, सणवार. १९७६ साली ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’, म्हणजे ‘आठवणीतले गाव’, प्रसिद्ध झाले आणि भारतीय खेड्याविषयीच्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होऊ लागली. त्याच आगीच्या रात्री जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाच्या खोलीत पाणी शिरले आणि त्याचे टंकलिखित भिजून चिंब झाले. ते वाळत घालून त्याने पूर्ण केले. न्यायाच्या सिद्धान्तावरचा तो ग्रंथ १९७१ साली निघाला. जगभरच्या विद्यापीठांत तो आजही शिकवला जातो.

या हकिकतींतून एक गोष्ट स्पष्ट होते. निवासी फेलोशिपमध्ये पैसा हा भाग तसा दुय्यम असतो. मुख्य गोष्टी दोन : सलग वेळ आणि सोबत. वेळ एकट्यालाही काढता येईल, पण जेवणाच्या टेबलावर भेटणारी, आपल्या विषयातले काही न कळणारी आणि म्हणूनच मूळचा प्रश्न विचारणारी हुशार माणसे घरी कुठून आणायची? तीच सोबत संकटातही उपयोगी पडते, हे श्रीनिवासांच्या अनुभवावरून दिसतेच.

सिमल्याच्या वास्तूतही असा एक विलक्षण योग जुळून आला. ज्या डफरिनसाहेबांनी हा महाल बांधला, त्यांच्याच कारकिर्दीत १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेशाचे राज्य इंग्रजी साम्राज्याला जोडले गेले. महालाच्या सजावटीला ब्रह्मदेशचे सागवान वापरले. पुढे शंभर वर्षांनी, १९८७ साली, एक ब्रह्मी स्त्री त्या सागवानी भिंतींच्या आत फेलो म्हणून अभ्यास करीत होती. तिचा विषय होता, परकीय सत्तेखालच्या ब्रह्मदेशातले आणि भारतातले वैचारिक जीवन. नाव आँग सान सू ची. १९८८ साली आजारी आईच्या शुश्रूषेसाठी ती रंगूनला गेली आणि तिथल्या लोकांच्या उठावात ओढली गेली. तिच्या नंतरच्या राजकारणाविषयी जगात तीव्र मतभेद झाले. पण गुलामगिरीत दोन समाजांनी विचार कसा केला, याचा अभ्यास करायला तिला शांत जागा मिळाली ती साम्राज्याच्याच घरात, हे नाकारता येत नाही. मराठी वाचकाला आणखी एक नाव ओळखीचे वाटेल. भालचंद्र नेमाडे हे या संस्थेचे राष्ट्रीय फेलो होते आणि देशीवादावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक संस्थेनेच २००९ साली प्रसिद्ध केले.

विद्वानाच्या पोटापाण्याची काळजी समाजाने वाहावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. पाठशाळेत शिकणारा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर इंग्रजांनी तो पैसा पुरता बंद केला नाही. त्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे त्याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. म्हणजे ‘फेलो’ हा शब्दही महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा जुना आहे.

पण या इतिहासातच एक बोचरा प्रश्न दडला आहे. पेशव्यांची दक्षिणा एकाच जातीला मिळत होती. १८४९ साली सुधारकांनी अर्ज केला की, या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, उत्तेजन द्यावे. त्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले! समाजाने विद्वानाला पोसावे हे सर्वांना मान्य होते. विद्वान कोणाला म्हणायचे, यावर भांडण होते. ते भांडण आजही पूर्ण मिटलेले नाही. निवड-समितीपुढे कोणाचा आराखडा जातो, तो कोणत्या भाषेत लिहावा लागतो, शिफारस करणारा नामवंत गुरू कोणाजवळ असतो, हे प्रश्न आजच्या फेलोशिपांनाही विचारलेच पाहिजेत. जिल्ह्याच्या गावी शिकवणाऱ्या, मराठीतून उत्तम लिहिणाऱ्या, पण इंग्रजी आराखड्याला बिचकणाऱ्या अभ्यासकाला अशा संस्थेचे दार आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही.

पैसा मध्येच आटला म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला आले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवायचे, शाहू महाराजांची मदत घ्यायची, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठायचे. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांची जिद्द असामान्य होती म्हणून तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला. सामान्य जिद्दीच्या किती जणांचे धागे तसेच तुटून राहिले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इथे एक आक्षेप येईल. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी उच्च न्यायालयात वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. १९३० ते १९६२ या काळात पाच खंड, सहा हजारांहून अधिक पाने. १९६३ साली ‘भारतरत्न’ मिळाले. त्यांना कुठे फेलोशिप होती? आक्षेप बिनतोड दिसतो. पण अपवादावरून नियम बांधता येत नाही. अनवाणी चालत शाळेत जाऊन मोठी झालेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून मुलांना चपला देऊ नयेत असे कोणी म्हणत नाही. शिवाय काण्यांसारख्यांचे ग्रंथ ज्या घरात लिहून झाले, त्या घरातल्या बायकांनी चुलीपासून पाहुण्यांपर्यंत सगळे काही निमूटपणे सांभाळले असणार. ती एक न नोंदलेली फेलोशिपच म्हणायची!

मग त्या बायकांनाच लिहायचे असेल तर? दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात बसून अभ्यास करीत. दुर्गाबाईंनी संसार मांडला नव्हता. मांडलेला असता तर रोजची ती बैठक कितपत जमली असती? निवासी फेलोशिपचा खरा अडसर इथे आहे. नवऱ्याला सिमल्याला दोन वर्षांची फेलोशिप मिळाली तर घरात पेढे वाटतात. बायकोला मिळाली तर आधी मुलांच्या शाळेचा आणि सासूबाईंच्या औषधपाण्याचा विषय निघतो. बर्लिनमध्ये १९८१ साली अशीच एक संस्था निघाली. तिथे फेलोंना कुटुंबासह बोलावतात आणि मुलांच्या शाळेची व्यवस्था लावायलाही मदत करतात. हा खर्च ऐषारामाचा नव्हे. तो केला नाही तर अर्ध्या समाजाची बुद्धी दाराबाहेरच उभी राहते.

आता राहिली ती पहिली शंका : या खर्चाचे फळ काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर सगळ्या फेलोंचे ग्रंथ मोठे नसतात. ठरलेला ग्रंथ वेळेत पुरा न करणारेही असतात, आणि हवापालट म्हणून येऊन जाणारा एखादा निघतोच. त्यावर लक्ष ठेवायला हवे. निवड उघड व्हावी, काम लोकांपुढे यावे, सत्ताधाऱ्यांच्या मर्जीचा त्यात संबंध नसावा. पण फळ मोजण्याची घाई करून चालत नाही. श्रीनिवासांच्या टिपणांपासून पुस्तकापर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. आंब्याची कोय लावणारा माणूस पुढच्या उन्हाळ्यात टोपली घेऊन झाडाखाली उभा राहत नाही.

आपल्याकडे याचे एक मोठे देखणे उदाहरण आहे. मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्याच्या धकाधकीत न ठेवता तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी कृष्णाकाठी, वाईला चालवले. विविध विषयांचे जाणकार त्या लहानशा गावात येऊन राहिले, एकमेकांशेजारी बसून नोंदी लिहू लागले. १९७६ साली पहिला खंड निघाला. सिमल्याचा महाल नव्हता, पण गावाची शांतता होती आणि विद्वानांची सोबत होती. अशी आणखी घरे महाराष्ट्रात का होऊ नयेत? त्यासाठी राजवाडा लागत नाही. चार स्वच्छ खोल्या, बरे ग्रंथालय, एकत्र जेवायला एक टेबल आणि मराठीत लिहायची मोकळीक एवढे पुरे. एखादे विद्यापीठ, एखादी जुनी शिक्षणसंस्था, बँबर्गर भावंडांसारखा एखादा दुकानदारही हे करू शकेल.

तोवर घरोघरी करण्यासारखे एक काम आहे. तुमच्या नात्यात किंवा शेजारात इतिहासाच्या, भाषेच्या, समाजशास्त्राच्या अभ्यासात गढलेला कोणी असेल, तर त्याला किंवा तिला या संस्थांची माहिती द्या, अर्ज करायला भरीस घाला. आणि पुढच्या वेळी ती व्यक्ती खिडकीपाशी नुसती बसलेली दिसली, तर ‘काही करत नाहीस तर जरा दळण घेऊन ये’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. दळण अर्ध्या तासाने आणले तरी चालते.